औषध मिळालं, राहायचं कुठे?

नाशिकमध्ये सरकारी मनोरुग्णालय नाही. शहर कुठल्या कुठे गेलं, गंगापूर रोडच्या द्राक्षबागांच्या जागी टॉवर उभे राहिले, पण राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं इतकी वर्षं चारच: नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा. त्यामुळे घरातलं माणूस हाताबाहेर गेलं की आमच्याकडे गाडी ठरवायची आणि कसारा घाट उतरायचा, नाहीतर सिन्नर-संगमनेरवरून पुणं गाठायचं. मागच्या सीटवर मधोमध तो किंवा ती, दोन्ही बाजूंना एकेक दणकट नातेवाईक, पुढे आई नाहीतर बाप, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत जुने केसपेपर, आधार कार्ड, दोन कपडे, डबा. ज्या घरांनी हा प्रवास केलाय, ती त्याबद्दल शेजारच्या घरातही बोलत नाहीत.

मी ज्या गटात जाते तिथे मात्र बोलतात. स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे आजार ज्यांच्या घरात आहेत असे आम्ही लोक महिन्यातून एकदा भेटतो. नवं कुणी आलं की पहिला विषय औषधाचा निघतो. कुठली गोळी चालू आहे, वजन वाढलं का, हात थरथरतात का, झोप किती. चहा येईपर्यंत हे संपतं आणि मग कुणीतरी, बहुतेक वेळा एखादी आईच, विचारते, “माझ्यामागं याचं काय?”

पहिल्या प्रश्नाला डॉक्टर आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, शहरात खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, गोळ्या गोळे कॉलनीतल्या औषधांच्या दुकानांत मिळतात. दुसऱ्या प्रश्नाला खिडकीच नाही. कुठला फॉर्म भरायचा, कुणाच्या टेबलावर द्यायचा, काही नाही. मी गेली काही वर्षं या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास मिळेल तिथून वाचते आहे. वाचता वाचता माझं मत पक्कं झालं आहे की मानसिक आरोग्यसेवेचा इतिहास हा औषधांपेक्षा घराचा इतिहास आहे. माणसाने कुठे राहायचं, ते कुणी ठरवायचं आणि दाराची कडी आतून असायची की बाहेरून.

हा प्रश्न आमच्या घरात आला तो दादामुळे. माझा थोरला भाऊ. आयटीआय करून सातपूरच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागला होता. हात इतका नेमका की जॉबवर मायक्रोमीटर लावायच्या आधीच माप सांगायचा. तेविसाव्या वर्षी त्याला वाटायला लागलं की कंप्रेसरच्या आवाजात कुणीतरी त्याचं नाव घेतंय. आधी तो त्यावर हसला. मग त्याने कामावर जाणं सोडलं, मग जेवण, मग झोप. आईने जे कुठलीही आई करते ते सगळं केलं. वणीच्या गडावर नवस बोलली. त्र्यंबकला तीन दिवसांचा नारायण नागबळी केला. दादा त्या तिन्ही दिवशी सोवळं नेसून शहाण्यासारखा बसला होता, हे ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची. मी तिला कधी नावं ठेवली नाहीत आणि आजही ठेवत नाही. तिच्या हाताशी जे होतं ते तिने वापरलं. पुढे शेजारच्या एका नर्सबाईंनी सांगितलं म्हणून तिने त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, आणि मग शेवटपर्यंत एकही तारीख चुकवली नाही. गोळ्यांच्या सात खणांच्या डबीवर तिने स्वतःच्या हाताने सो, मं, बु असं लिहिलं होतं. अक्षरं पुसट झाली की ती मार्करने परत गिरवायची.

ती होती तोवर दुसरा प्रश्न पडला नाही. आपल्याकडे मानसिक आजारी माणसाचं घर म्हणजे त्याची आई. सगळी यंत्रणा तिच्यावर उभी असते आणि सरकारी कागदावर तिचा कुठे उल्लेखही नसतो.

आधीच्या काळात आई नसली, किंवा आई दमली, तर एकच जागा होती. १८५८ मध्ये, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं त्याच वर्षी, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. नागपूरचं रुग्णालय १८६४चं, रत्नागिरीचं १८८६चं, ठाण्याचं १९०१चं. मग १९१२चा लुनसी ॲक्ट आला आणि तो १९९३ पर्यंत चालला, कारण त्याच्या जागी केलेला १९८७चा कायदा प्रत्यक्ष लागू व्हायलाच तेवढी वर्षं गेली. या १९१२च्या कायद्यात आत जायची वाट व्यवस्थित आखलेली होती: पोलीस, मॅजिस्ट्रेट, आदेश. बाहेर यायची वाट बरीचशी नातेवाइकांच्या मर्जीवर. नातेवाइकांनी पत्ताच खोटा दिलेला असेल तर पाठवलेली पत्रं परत यायची आणि माणूस तिथेच म्हातारा व्हायचा. जिथे रुग्णालय जवळ नव्हतं तिथे तर गुन्हा नसताना माणसं तुरुंगात ठेवली जायची. पत्रकार शीला बारसे यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि १९९३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. १९९३ म्हणजे काही पुराणकाळ नव्हे. दादाचं वय तेव्हा ऐन कामाचं होतं.

या काळोख्या इतिहासात एक जागा मला फार आवडते. अमृतसरचं मनोरुग्णालय, १९५०चं दशक. डॉ. विद्यासागर तिथे अधीक्षक होते. खाटा कमी, माणसं जास्त. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही राहायला बोलावलं. बाप, भाऊ, बायको तिथेच राहायचे, सेवा करायचे, आणि डॉक्टर त्या सगळ्यांना एकत्र बसवून आजार समजावून सांगायचे. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, कारण घर त्यांच्या सोबतच आलेलं होतं आणि शिकून परत जात होतं. हे पाश्चात्त्य पुस्तकातून उचललेलं नव्हतं. पंजाबातल्या एका डॉक्टरला आपली माणसं कशी आहेत ते माहीत होतं, एवढंच.

त्याच दशकात औषधं आली. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा मनोरुग्णांवर वापर सुरू झाला आणि साखळ्या-कोठड्यांची गरज कमी होईल अशी आशा जगभर पसरली. अमेरिकेने तर मोठीच उडी घेतली. अध्यक्ष केनेडींची सख्खी बहीण रोझमेरी हिच्या मेंदूवर १९४१ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि ती कायमची अधू झाली होती. हा विषय त्यांच्या घरातला होता. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. तीन आठवड्यांनी त्यांचा खून झाला. अवाढव्य सरकारी इस्पितळं रिकामी करायची आणि त्यांच्या जागी गावोगाव दीड हजार केंद्रं उभारायची असा बेत होता. इस्पितळं रिकामी झाली. केंद्रं जेमतेम निम्मी झाली. ज्यांना सोडलं त्यातले कितीतरी जण फुटपाथवर आले, कितीतरी तुरुंगात गेले.

आपल्याकडे कुणी ‘समाजात पुनर्वसन’ हे शब्द फार सहज वापरले की मला ही गोष्ट आठवते. दार उघडायला एक सही पुरते. त्या दारातून बाहेर पडणारा माणूस रात्री झोपणार कुठे, याला पैसा लागतो, माणसं लागतात आणि कित्येक वर्षांची चिकाटी लागते.

ज्यांनी ती चिकाटी दाखवली त्यांचं काम वाचण्यासारखं आहे. इटलीत त्रिएस्ते नावाचं बंदराचं शहर आहे. तिथे १९७१ मध्ये फ्रँको बझालिया हे डॉक्टर मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांनी वॉर्डांची कुलपं काढली, रुग्णांना कामाचा पगार सुरू केला, शहरात लहान लहान घरं घेतली. १९७३ मध्ये रुग्ण, कलाकार आणि कर्मचाऱ्यांनी मिळून एक प्रचंड निळा घोडा बनवला आणि त्याची मिरवणूक शहरात काढायचं ठरवलं. घोडा फाटकातून जाईना, तेव्हा त्यांनी फाटक तोडलं, घोडा लहान केला नाही. पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, इटलीने नवी मनोरुग्णालयं बांधायची नाहीत असा कायदाच केला. बेल्जियममधल्या खेल गावाची गोष्ट तर कित्येक शतकांची. तिथली साधी शेतकरी कुटुंबं मानसिक आजारी परक्या माणसाला घरात ठेवून घेत आली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्या एका गावात असे साडेतीन हजारांहून जास्त पाहुणे राहत होते. सुरुवात झाली ती एका संत स्त्रीच्या देवळापासून. लोक बरे होण्यासाठी यात्रेला यायचे, देवळात जागा पुरेना, मग गावकरी आपापल्या घरी नेऊ लागले.

यात्रेचं गाव, बाहेरून आलेली माणसं, जागा देणारे गावकरी. पंचवटीत लहानाची मोठी झालेल्या मला हे वाचून आपल्या गावाची आठवण येणारच. त्याकडे मी पुढे येते.

आई गेली त्यानंतर तेराव्याला आलेले नातेवाईक बैठकीच्या खोलीत बसले आणि दादाचं काय करायचं यावर बोलणी सुरू झाली. दादा स्वयंपाकघरात चहा करत होता. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावर, पण त्याला कुणी बोलावलं नाही. मामा म्हणाले घर विकून पैसे बँकेत टाका आणि त्याला एखाद्या संस्थेत ठेवा. आत्या म्हणाली, बहीण आहे ना, ती नेईल. सगळे प्रेमाचे लोक. कुणाच्या मनात पाप नव्हतं.

एक खासगी संस्था आम्ही बघून आलो. शहराबाहेर, मोठं आवार, झाडं, स्वच्छ फरशी. ओळीने लोखंडी खाटा, सगळ्यांचे केस एकाच मशीनने एकाच मापाचे कापलेले. फाटकाला कुलूप. मी विचारलं, “यांना बाहेर कधी नेता?” तिथले व्यवस्थापक खरंच गोंधळले. “कशाला बाहेर? पळून जातील ना ताई.” दादा फाटकाजवळ उभा राहून रस्त्याकडे बघत होता. परत येताना गाडीत बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, “तिथं चहाची टपरी नाहीये कुठं जवळ.” थोड्या वेळाने म्हणाला, “माझ्या घराची किल्ली माझ्याकडे राहू दे.”

मी त्याच क्षणी ठरवलं असं म्हणणार नाही. पण नंतर जे काही ठरलं ते त्या वाक्यावरूनच ठरलं.

बंद फाटकाची दुसरी बाजू आपल्या देशाने एकदा पाहिलेली आहे. ६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीला दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांसाठीच्या खासगी निवाऱ्यांची रांग होती. त्यातल्या एका झापाच्या निवाऱ्याला पहाटे आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, त्यामुळे पळता आलं नाही. २८ जण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, देशभर तपासण्या झाल्या. पण एक गोष्ट तेव्हा फार थोड्यांनी विचारली: इतक्या दूरवरून घरच्यांनी त्यांना तिथे का आणून सोडलं होतं? कारण गावात दुसरं काही नव्हतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला तोच मुळी चार जिल्ह्यांत. त्याच्या आधी बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने सकलवारा गावात आणि मग बेल्लारी जिल्ह्यात, प्राथमिक केंद्रातल्या साध्या डॉक्टरला आणि आरोग्य सेवकाला हे आजार ओळखायला शिकवता येतं हे दाखवून दिलं होतं. तेच मॉडेल देशभर न्यायचं ठरलं. गोळी गावापर्यंत पोचू लागली हे त्याचं मोठं यश. राहण्याची सोय त्या कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी कधीच नव्हती.

ती कायद्यात आली २०१७ मध्ये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याचं कलम १९ प्रत्येक पालकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्यात म्हटलंय की मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. आणि केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, बेघर आहे किंवा बाहेर सोय नाही एवढ्या कारणासाठी त्याला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. घरचे घरात घेत नसतील तर त्या घरावरचा त्याचा हक्क मिळवून द्यायला सरकारने मदत करायची, कायदेशीर मदतही द्यायची. आणि रुग्णालय व घर यांच्या मधली अर्ध्या वाटेवरची घरं (हाफवे होम), काही जणांनी मिळून राहायची गटघरं अशा सोयी सरकारने वाजवी मुदतीत उभ्या करायच्या. शब्द अगदी स्पष्ट आहेत. त्यानंतर २०१९ मध्ये देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात १०० पैकी ३६ जण एक वर्षाहून जास्त काळ तिथेच राहत असल्याचं दिसलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपल्याच महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं की बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं ताबडतोब थांबवा. आपल्या चार रुग्णालयांतल्या मंजूर खाटा मिळून ५६९५ होतात. त्या खाटांवरच्या ज्या माणसांना आता खाटेची गरज नाही, खोलीची आहे, त्यांचा विचार केला की मला रात्री झोप येत नाही.

चांगलं काम करणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि त्यातले बरेच मराठी वाचकांना माहीत आहेत. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नीने मुंबईत रस्त्यावर एका तरुणाला नारळाच्या करवंटीतून गटाराचं पाणी पिताना पाहिलं, त्याला आपल्या नर्सिंग होममध्ये आणलं; तो शिकलेला, चांगल्या घरातला मुलगा निघाला. त्यातून १९८८ मध्ये श्रद्धा फाउंडेशन सुरू झालं, पुढे कर्जतला केंद्र झालं, २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या माणसाला बरं करायचं आणि त्याचं गाव शोधून घरी पोचवायचं हे त्यांचं काम. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तिचं केंद्र आता नाशिकलाही आहे. मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक राहिलेले दिवंगत डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. घरच्यांनी एकमेकांना भेटायचं, लपवायचं नाही, ही सवय आमच्यासारख्या कितीतरी गटांना तिथून लागली.

पण राहण्याच्या प्रश्नाला सर्वांत थेट हात घातला तो चेन्नईच्या बॅनियन या संस्थेने. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुण मुलींनी १९९३ मध्ये बेघर, आजारी स्त्रियांसाठी आसरा सुरू केला. पुष्कळ जणी बऱ्या होऊन घरी गेल्या. काहींना घरच उरलं नव्हतं, त्या वर्षानुवर्षं तिथेच राहिल्या. तेव्हा या संस्थेने स्वतःच्याच भिंतींबद्दल प्रश्न विचारला. २०१५च्या सुमारास त्यांनी ‘होम अगेन’ सुरू केलं: साध्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं, चार-पाच जणींनी एकत्र राहायचं, सोबत एक मदतनीस ताई. बाजार त्यांनी करायचा, भाजी काय ते त्यांनी ठरवायचं, भांडणं त्यांनी मिटवायची. पुढे हे काम रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातल्या रुग्णांपर्यंतही आलं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘तराशा’ प्रकल्पाने रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना वर्किंग विमेन्स होस्टेलमध्ये राहून नोकरी करायला मदत केली. इतर मुली राहतात तिथेच, त्याच जिन्यावरून.

हे सगळं मला नंतर कळलं. दादाला सिडकोतल्या आई-वडिलांच्या घरातच ठेवायचं ठरवलं तेव्हा आमच्यापुढे कुठलं मॉडेल नव्हतं. दोन खोल्यांचं घर, पुढे हातभर ओटा. गॅस काढून इंडक्शन बसवलं. दुपारचा डबा गल्लीतल्या मेसवाल्या वहिनींकडून. शेजारच्या काकूंशी मी मोकळेपणाने बोलले. आजाराचं नाव सांगितलं, गोळ्यांची नावं सांगितली, माझा आणि डॉक्टरांचा नंबर दिला. काकूंनी स्वतःच एक युक्ती काढली, जी मला कुठल्या पुस्तकात सापडली नसती. पहाटे दुधाची पिशवी दादाच्या दाराला अडकवलेली असते. नऊ वाजेपर्यंत ती आत गेली तर सगळं ठीक. नाही गेली तर काकू बेल वाजवून विचारतात, “काय रे, चहा केलास का?” कुणी त्याच्यावर नजर ठेवतंय असं त्याला वाटत नाही, आणि नजर तर आहेच.

रात्री साडेआठला मी फोन करते. “दादा, डबी उघडलीस?” तो खण उघडल्याचा टक्क आवाज फोनवर ऐकवतो. एवढंच. बाकी मग मॅचबद्दल बोलतो.

बिघडायला लागलं की खुणा दिसतात. आंघोळ राहते, रेडिओचा आवाज वाढतो, भिंतीवर पेन्सिलने मोजमापं लिहायला लागतो. तेव्हा पुढच्या महिन्याची तारीख याच आठवड्यात आणायची. मध्ये एकदा परिस्थिती फारच बिघडली आणि त्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं. या वेळी एक गोष्ट वेगळी होती: तो आत असताना त्याचं घर त्याच्या नावाने उभं होतं. काकूंनी कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं, वहिनींनी डब्याचं खातं चालू ठेवलं. डॉक्टरांनी ‘घरी न्या’ म्हटल्यावर कुठल्या घरी, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून सॅम त्सेंबेरिस यांनी जे काम केलं त्याचा गाभा हाच आहे, हे पुढे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. तोवर तिकडे शिडी असायची: आधी व्यसन सोडा, गोळ्या नियमित घ्या, निवाऱ्यात नीट वागा, मग गटघर, मग कुठे स्वतःची खोली. एक पायरी चुकली की परत रस्त्यावर. त्सेंबेरिस यांनी आधी खोली दिली. भाडेकराराच्या अटी इतर भाडेकरूंसारख्याच. मदतनीस, नर्स, डॉक्टर घरी येणार, पण आजार उलटला म्हणून खोली जाणार नाही. आणि वर्षानुवर्षं रस्त्यावर राहिलेली माणसं त्या खोल्यांत टिकली. डोक्यावरचं छप्पर उद्या जाणार नाही याची खात्री असलेल्या माणसालाच गोळी वेळेवर घ्यायला सुचतं. आमच्या दादाच्या घरात मी हे रोज बघते.

पण दादाला घर होतं. वडिलांना कंपनीत असताना सिडकोचं घर मिळालं, ते टिकलं, बहिणीने हिस्सा मागितला नाही, काकू भल्या निघाल्या. एखाद्याचं आयुष्य इतक्या योगायोगांवर सोडून देणं बरोबर नाही. रामकुंडाच्या पायऱ्यांवर, सीबीएस बसस्थानकावर, नाशिकरोडच्या फलाटावर स्वतःशी बोलत बसलेली जी माणसं आपण ओलांडून जातो, त्यांच्यापैकी काही जण चुकून गाडीत बसून आलेले असतात आणि काहींना घरच्यांनीच आणून सोडलेलं असतं. तीर्थाचं गाव आहे, अन्नछत्र आहे, कुणीतरी जेवायला घालील, हा त्यामागचा हिशेब.

तो हिशेब पूर्ण चुकीचाही नाही, म्हणून तर मला या शहराकडून आशा आहे. परक्या माणसाची राहायची सोय करणं हे नाशिकला कुणी शिकवायला नको. पंचवटीतल्या वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू उतरवून घेतले. गाडगेबाबांनी गोदाकाठी धर्मशाळा बांधली ती गरिबाला पाठ टेकायला जागा हवी म्हणूनच. दर बारा वर्षांनी सिंहस्थ आला की तपोवनात साधुग्राम उभं राहतं: पाणी, वीज, शौचालयं, शिधा, दवाखाने, आणि त्याची तयारी कितीतरी आधीपासून, स्वतंत्र निधीसह. अनोळखी लाखोंसाठी हे शहर इतकं करू शकतं. मग कायमच्या राहणाऱ्या थोड्या माणसांसाठी सिडकोत, सातपुरात, नाशिकरोडला, पंचवटीत मिळून वीस-पंचवीस साधी घरं का नाही होऊ शकत? शहराबाहेर एक मोठी इमारत बांधून तिला पुनर्वसन केंद्राची पाटी लावली जाईल, ही मला भीती आहे. कृपा करून ते नको. जिथे कोपऱ्यावर किराणा दुकान आहे, सिटी बस थांबते आणि चहाची टपरी आहे, अशा गल्लीतलं घर हवं. आणि प्रत्येक चार-पाच घरांमागे एक चांगला पगार मिळणारी, प्रशिक्षित मदतनीस हवी. हे काम आया फुकट करत आल्या, म्हणून ते कमी पगाराचं समजलं जातं. माझा याला सक्त विरोध आहे.

आमच्या गटातल्या तीन कुटुंबांनी मिळून आता एक फ्लॅट भाड्याने घ्यायचं ठरवलं आहे. तिघे पुरुष आहेत, तिशी ते पन्नाशीतले, तिघांच्या आया सत्तरीपुढच्या. तिघेही एकमेकांना ओळखतात, एकत्र कॅरम खेळतात. एकाला कुकर लावता येतो, एकाला हिशेब नीट येतो. फ्लॅट मिळवताना जे व्हायचं ते झालंच. कुठे मालक ‘फॅमिलीच पाहिजे’ म्हणाले, कुठे सोसायटीच्या सेक्रेटरींनी “काही झालं तर जबाबदार कोण?” असं विचारलं. हा प्रश्न मी टाळत नाही. आम्ही त्यांना लेखी दिलं: मदतनीस ताईंची वेळ, डॉक्टरांचं नाव, रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या दोन नातेवाइकांचे नंबर. शेवटी इंदिरानगरच्या बाजूला एक मालक तयार झाले. त्यांचा स्वतःचा भाचा आजारी आहे, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं.

आता अडलंय ते अकरा महिन्यांच्या करारनाम्यावर. भाडेकरू म्हणून नावं कुणाची घालायची? वडीलधारे म्हणतात, आमची घाला, मालकाला तेच बरं वाटेल. मी म्हणते, राहणाऱ्या तिघांची घाला. आपली नावं घातली तर उद्या आपण गेल्यावर करारही आपल्याबरोबर जाईल आणि हे तिघे परत कुणाच्या तरी मर्जीवर येतील. एका काकांनी शंका काढली की मनोरुग्णाची सही चालते का. आमच्यातल्या वकील ताईंनी १८७२चा करार कायदाच काढून दाखवला. कलम १२: एरवी मन थाऱ्यावर नसलेला माणूससुद्धा, ज्या वेळी ते थाऱ्यावर असेल त्या वेळी करार करू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा हे म्हणतो. काका गप्प झाले, मग म्हणाले, “बरं, मग माझ्या पोराला विचारा तरी सही करणार का.” विचारलं. तो म्हणाला, आधी फ्लॅट बघू द्या, पाण्याची वेळ काय आहे तिथं?

रविवारी तिघांना घेऊन जातोय बघायला.